पहिलीच फायनल आणि थेट रणजी चॅम्पियन! २०१७-१८ मध्ये नव्या कोचने विदर्भाच्या टीममध्ये नेमकं काय बदललं?

२१ डिसेंबर २०१७. कोलकात्याचं ईडन गार्डन्स. रणजी ट्रॉफीच्या सेमीफायनलचा पाचवा दिवस.

कर्नाटकला जिंकायला ८७ रन्स हवे होते आणि हातात ३ विकेट होत्या. समोर होती विदर्भाची टीम. ज्या टीमने रणजीची फायनल तोपर्यंत फक्त टीव्हीवर पाहिली होती ती टीम.

कर्नाटकची शेपूट काही केल्या वळवळायची थांबेना. कॅप्टन विनय कुमारने ३६ काढले, अभिमन्यू मिथुनने ३३. बघता बघता ८७ चे १० झाले. आणि मग रजनीश गुरबानी नावाच्या २४ वर्षांच्या पोराने शेवटची विकेट काढली. कर्नाटक १९२ ऑल आऊट. विदर्भ ५ रन्सने जिंकला.

फक्त ५ रन्स.

पुढच्या अकरा दिवसांत हीच टीम रणजी चॅम्पियन झाली. आणि तेव्हापासून ही गोष्ट एकाच पद्धतीने सांगितली जाते. चंद्रकांत पंडित नावाचे कडक मास्तर नागपूरला आले, त्यांनी पोरांना शिस्त लावली आणि विदर्भ जिंकला. विषय संपला.

गोष्ट ऐकायला भारी आहे. खोटीही नाही. पण अर्धीच आहे.

आधी विदर्भ म्हणजे काय होता ते बघू

महाराष्ट्र एकच असला तरी रणजीत महाराष्ट्रातून तीन टीम खेळतात. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. यातल्या मुंबईने रणजी ४० पेक्षा जास्त वेळा जिंकलीय. महाराष्ट्राच्या नावावरही जुन्या काळातली विजेतेपदं आहेत. विदर्भ १९५७-५८ पासून खेळत होता आणि कपाट रिकामं होतं. नुसतं रिकामं नाही, फायनलचंही तोंड कधी पाहिलं नव्हतं.

२००० नंतर रणजीत वरच्या टीमसाठी एलिट आणि खालच्या टीमसाठी प्लेट असे गट पडले. विदर्भ बराच काळ त्या प्लेट गटात होता. थोडक्यात, ज्या टीमसोबत मॅच पडली की समोरचे खूश व्हायचे अशातली टीम.

इंडियाकडून टेस्ट खेळलेला विदर्भाचा पहिला खेळाडू कोण, माहितीये? उमेश यादव. साल २०११. म्हणजे विदर्भाने रणजीत पाऊल ठेवल्यापासून एक टेस्ट प्लेअर घडायला पन्नासहून जास्त वर्षं गेली.

हा उमेश नागपूरजवळच्या वलनी गावचा. वडील कोळसा खाणीत कामाला. पोलीस भरतीत नंबर लागला नाही म्हणून क्रिकेटकडे वळलेला पोरगा थेट इंडियाचा फास्ट बॉलर झाला. विदर्भात काहीतरी शिजतंय याची पहिली खूण म्हणजे उमेश.

शिजत काय होतं?

२००८ मध्ये वर्धा रोडवर जामठ्याचं स्टेडियम सुरू झालं. पहिलीच टेस्ट ऑस्ट्रेलियासोबत, गांगुलीची शेवटची टेस्ट ती हीच. लोकांच्या लक्षात ते राहिलं. पण विदर्भ क्रिकेट असोसिएशनने म्हणजे व्हीसीएने त्याच काळात जे दुसरं काम हातात घेतलं त्याची बातमी फारशी झाली नाही. निवासी अकादमी उभी करायची, गावागावातून पोरं शोधायची, त्यांना ठेवून घ्यायचं, खाऊ-पिऊ घालायचं आणि रोज खेळवायचं. या कामात पुढे होते प्रशांत वैद्य, म्हणजे इंडियाकडून वनडे खेळलेले नागपूरचे फास्ट बॉलर. बॉलिंगसाठी सुब्रोतो बॅनर्जी आले. पारस म्हांब्रे यांच्यासारखा कोचही पंडितांच्या आधी येऊन गेला होता.

आता तुम्ही म्हणाल, अकादमी तर सगळेच काढतात.

बरोबर. फरक इतकाच की अकादमीचं पीक यायला आठ-दहा वर्षं लागतात आणि तेवढा धीर फार कमी जणांकडे असतो. व्हीसीएने तो धरला. २०१७ उजाडलं तेव्हा त्या पिकाची कापणी जवळ आली होती. फक्त कापायला माणूस हवा होता.

आणि तिकडे मुंबईत...

चंद्रकांत पंडित म्हणजे मुंबईचे विकेटकीपर-बॅट्समन. रमाकांत आचरेकर सरांचे विद्यार्थी. इंडियाकडून ५ टेस्ट आणि ३६ वनडे खेळले. कोच म्हणून मुंबईला २००३ आणि २००४ अशी लागोपाठ दोन रणजी जिंकून दिली. मग पुन्हा मुंबईकडे आले आणि २०१६ मध्ये तिसरी. २०१७ च्या जानेवारीत पुन्हा फायनल गाठली, पण इंदूरमध्ये गुजरातने हरवलं.

एक विजेतेपद, एक उपविजेतेपद. कुठल्याही टीमने या माणसाला फ्रेम करून ठेवलं असतं. मुंबईने कोच बदलला.

मुंबईचं गणित जरा वेगळं आहे. तिथे फायनल हरणं म्हणजे नापास होणं. पण मुंबईने सोडलेला माणूस व्हीसीएने लगेच उचलला आणि २०१७-१८ च्या हंगामासाठी विदर्भाच्या ड्रेसिंग रूममध्ये नवा कोच आला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. फुटबॉलमध्ये कोच म्हणजे सर्वेसर्वा. टीम तो निवडतो, डाव तो आखतो, चालू मॅचमध्ये लाईनवर उभा राहून ओरडतो आणि टीम हरली की नोकरीही त्याचीच जाते. क्रिकेटमध्ये मैदानावर हुकूम कॅप्टनचा. कोच बाऊंड्रीबाहेर बसतो. त्यामुळे क्रिकेटचा कोच नेमकं करतो काय, हा प्रश्न खुद्द क्रिकेटवाल्यांनाही पडतो.

रणजीपुरतं उत्तर असं की तो सवयी बदलतो.

रणजीची साखळी मॅच चार दिवसांची असते आणि बऱ्याच वेळा निकाल लागत नाही. ड्रॉ झाली तर पहिल्या डावात ज्याची आघाडी त्याला ३ पॉइंट, दुसऱ्याला १. सरळ जिंकलात तर ६. डावाने किंवा १० विकेटने जिंकलात तर वर १ बोनस. छोट्या टीमना वर्षानुवर्षं लागलेली सवय म्हणजे पहिल्या डावाची आघाडी मिळाली की पाय पसरायचे. ३ पॉइंट खिशात, ग्रुपमध्ये टिकलो, पुढच्या वर्षी बघू. पंडितांच्या बोलण्यात ‘मानसिकता’ हा शब्द कायम येतो तो यासाठी. मुंबईच्या क्रिकेटमध्ये ज्याला ‘खडूस’ म्हणतात, तो स्वभाव त्यांना नागपूरच्या पोरांत उतरवायचा होता. वऱ्हाडी-नागपुरी माणूस तसा निवांत. त्याला खडूस करणं म्हणजे तर्रीशिवाय पोहे खायला लावण्यासारखं.

हंगाम सुरू झाला

विदर्भाच्या ग्रुपमध्ये पंजाब, बंगाल, हिमाचल, छत्तीसगड, गोवा आणि सर्व्हिसेस होते. पंजाब आणि बंगाल ही मोठी नावं. विदर्भाने पंजाबला मोहालीत जाऊन डावाने हरवलं. बंगालला कल्याणीत जाऊन १० विकेटने. गोव्यालाही डावाने.

६ मॅचमध्ये ४ विजय, २ ड्रॉ, पराभव शून्य. ३१ पॉइंटसह विदर्भ ग्रुपमध्ये पहिला.

जरा या ३१ कडे नीट बघा. ४ विजयांचे २४ पॉइंट आणि वर बोनसचे. म्हणजे ही टीम आघाडी घेऊन थांबत नव्हती, समोरच्याला पूर्ण झोपवत होती. सवय बदलली म्हणतात ती अशी पॉइंट टेबलवर दिसते.

रन्स कोण काढत होतं? कॅप्टन फैज फजल. हा नागपूरचाच. २०१६ मध्ये झिम्बाब्वेमध्ये इंडियाकडून एकच वनडे खेळला, त्यात नाबाद ५५ केले आणि पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. दुसऱ्या कुणी मनाला लावून घेतलं असतं. फैजने त्या हंगामात ९१२ रन्स ठोकले. देशात त्याच्या पुढे फक्त मयंक अगरवाल होता. फैजसोबत ओपनिंगला येणाऱ्या संजय रामास्वामीनेही बॉलर्सना दमवलं.

आणि मधल्या फळीत होता वसीम जाफर. वय ३९. मुंबईकडून ८ रणजी जिंकलेला माणूस. रणजीत टीमला बाहेरच्या राज्याचे काही खेळाडू ठरलेलं मानधन देऊन घेता येतात, त्यांना ‘प्रोफेशनल’ म्हणतात. जाफर विदर्भाचा तसा प्रोफेशनल. आधीच्या हंगामात दुखापतीमुळे तो खेळू शकला नव्हता, म्हणून या हंगामात तो मानधन न घेता खेळला. दुसरा प्रोफेशनल गणेश सतीश, मूळचा कर्नाटकचा.

तर, टीममध्ये बाहेरची मोठी माणसं होती. पण मोजकी. बाकी सगळा माल घरचा.

इंजिनिअर पोरगा

क्वार्टर फायनल सुरतला केरळसोबत. विदर्भाने केरळपुढे ५७८ चं टार्गेट ठेवलं. केरळ १६५ मध्ये गारद. डावखुरा स्पिनर आदित्य सरवटेने ६ विकेट काढल्या. ४१२ रन्सने विजय. मॅच कमी आणि मापं काढणं जास्त होतं ते.

मग आली ईडनवरची सेमीफायनल आणि तिथे गोष्ट फिरली. पहिल्या डावात विदर्भ १८५ ऑल आऊट. कर्नाटकच्या करुण नायरने एकट्याने १५३ केले आणि कर्नाटक ३०१ वर गेलं. ११६ रन्सची पिछाडी.

जुना विदर्भ असता तर इथे मॅच संपली होती. रणजीच्या बाद फेरीत ड्रॉ झाली तरी पहिल्या डावाच्या आघाडीवर निकाल लागतो. त्यामुळे विदर्भाला मॅच सरळ जिंकण्यावाचून रस्ताच नव्हता. दुसऱ्या डावात गणेश सतीशने आपल्याच जुन्या टीमविरुद्ध ८१ काढले, विदर्भ ३१३ पर्यंत पोहोचला आणि कर्नाटकला १९८ चं टार्गेट मिळालं. कर्नाटकसारख्या बॅटिंगला १९८ म्हणजे काही डोंगर नाही.

तिथे गुरबानी उभा राहिला. सिव्हिल इंजिनिअरिंग केलेला नागपूरचा फास्ट बॉलर. वेग फार नाही, पण बॉल दोन्हीकडे हलवायचा आणि चुकायचा नाही. चौथ्या दिवसअखेर कर्नाटक ७ बाद १११. पाचव्या दिवशी काय झालं ते वर वाचलंच. गुरबानीच्या त्या डावात ६८ रन्समध्ये ७ विकेट, मॅचमध्ये १२.

या मॅचमध्ये उमेश यादवही होता. फायनलला तो नव्हता, कारण इंडियाच्या टीमसोबत दक्षिण आफ्रिकेला जायचं होतं. इतिहासातली पहिली फायनल आणि सगळ्यात मोठा बॉलर विमानात. त्याच्या टीममध्ये आदित्य ठाकरे नावाच्या १९ वर्षांच्या पोराला पहिली रणजी मॅच मिळाली. पदार्पण थेट फायनलमध्ये. (नाव वाचून भलतीकडे जाऊ नका, हा अकोल्याकडचा फास्ट बॉलर.)

इंदूर, २९ डिसेंबर ते १ जानेवारी

फायनल होळकर स्टेडियमवर. समोर दिल्ली, कॅप्टन रिषभ पंत.

ध्रुव शोरेने १४५ करून दिल्लीला सावरलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुरबानीने विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि स्वतः शोरे अशा लागोपाठ तीन विकेट काढल्या. हॅटट्रिक! रणजी फायनलच्या इतिहासात याआधी फक्त एकदा हॅटट्रिक झाली होती, १९७२-७३ मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांची. दिल्ली २९५. गुरबानी ५९ मध्ये ६.

मग फैजने ६७ आणि जाफरने ७८ केले. दोघेही गेल्यावर दिल्लीला वाटलं असेल की आता शेपूट गुंडाळू. पण आला अक्षय वाडकर. विकेटकीपर, पहिलाच हंगाम, नावावर एकही फर्स्ट क्लास शतक नाही. त्याने फायनलमध्ये पहिलं शतक ठोकलं, १३३. त्याच्यासोबत सरवटेने ७९ आणि सिद्धेश नेरळने ७४. विदर्भ ५४७.

म्हणजे कसं, विदर्भाचे बॉलर दिल्लीच्या बॅट्समनपेक्षा जास्त बॅटिंग करून गेले.

दिल्लीचा दुसरा डाव २८० वर आटपला, ऑफस्पिनर अक्षय वखरेने ४ विकेट काढल्या. विदर्भाला हवे होते २९. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी जाफरने चौकार मारून विषय संपवला. ९ विकेटने विजय. रणजीत उतरल्यापासून ६० वर्षांनी विदर्भाच्या कपाटात ट्रॉफी आली आणि जाफरच्या नावावर नववी. गुरबानीने त्या हंगामात ६ मॅचमध्ये ३९ विकेट घेतल्या.

मार्चमध्ये नागपूरला इराणी कप झाला. रेस्ट ऑफ इंडियाविरुद्ध जाफरने २८६ केले, विदर्भाने ७ बाद ८०० वर डाव घोषित केला आणि तोही कप घरी ठेवला.

तर मग सगळं श्रेय पंडितांचं?

ही गोष्ट इथे थांबवली असती तर उत्तर सोपं होतं. पण पुढे काय झालं तेही बघायला हवं.

पुढचा हंगाम, २०१८-१९. पंडितच कोच. सेमीफायनलमध्ये वायनाडला उमेशने केरळच्या १२ विकेट काढल्या आणि फायनल जामठ्यालाच, सौराष्ट्रसोबत. सरवटेने ११ विकेट घेतल्या आणि चेतेश्वर पुजाराला दोन डावांत मिळून एकच रन करू दिला. विदर्भ ७८ रन्सने जिंकला. चाळिशीतल्या जाफरने त्या हंगामात हजारपेक्षा जास्त रन्स केले. पहिला कप तुक्क्यात लागला म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

तिसरा हंगाम, २०१९-२०. तेच पंडित, तीच शिस्त, बरीचशी टीमही तीच. विदर्भ क्वार्टर फायनलपर्यंतही पोहोचला नाही.

या तिसऱ्या वर्षाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, कारण ते जादूच्या गोष्टीत बसत नाही. जो माणूस दोन वर्षं परीस होता, तो तिसऱ्या वर्षी लोखंड कसा झाला? उत्तर असं की तो परीस नव्हताच. तो चांगला कोच होता. जाफरचं वय वाढलं, नेहमीचे बॉलर थकले, इतर टीम विदर्भाला आता गांभीर्याने घेऊ लागल्या. या गोष्टी शिस्तीने थांबत नाहीत.

पंडितांनी काहीच केलं नाही असंही कुणी म्हणू नये. २०२० मध्ये ते मध्य प्रदेशकडे गेले. खेळाडू असताना १९९९ मध्ये याच मध्य प्रदेशचे कॅप्टन म्हणून ते बंगळुरूत रणजीची फायनल हरले होते. २०२२ मध्ये त्याच चिन्नास्वामी स्टेडियमवर त्यांच्या मध्य प्रदेशने फायनल जिंकली, तीही कुणाविरुद्ध? मुंबईविरुद्ध. मध्य प्रदेशची ती पहिली रणजी आणि कोच म्हणून पंडितांची सहावी. तीन वेगवेगळ्या टीमला चॅम्पियन करणं हा योगायोग नसतो.

हा कडकपणा सगळ्यांना पचतो असंही नाही. पुढे ते केकेआरचे कोच झाले, २०२४ ची आयपीएलही जिंकले, पण ही लष्करी पद्धत परदेशी खेळाडूंना जड गेली असं टीममधल्या डेव्हिड विसाने नंतर उघड सांगितलं. जी शिस्त पहिली रणजी खेळणाऱ्या वाडकरला शतकापर्यंत नेते, तीच जगभर लीग खेळून आलेल्या माणसाला काचते. त्यामुळे कोच किती चांगला हा प्रश्न अर्धवट आहे, कुठल्या टीमसाठी आणि कोणत्या वर्षी हेही विचारावं लागतं.

विदर्भाला पंडित नेमके कधी मिळाले? अकादमीची पोरं वयात आली होती, उमेशने वाट दाखवली होती, फैज फॉर्मात होता, जाफरला सिद्ध करायचं होतं. २०१० मध्ये हेच पंडित आले असते तर काय मिळालं असतं? बहुतेक एक शिस्तबद्ध प्लेट टीम.

याचा अजून एक पुरावा त्याच जानेवारीत मिळाला होता. सीनियर टीमने रणजी जिंकली आणि थोड्याच दिवसांत विदर्भाच्या अंडर-१९ टीमने कूच बिहार ट्रॉफी जिंकली. फायनलमध्ये अथर्व तायडे नावाच्या अकोल्याच्या पोराने ३२० रन्स ठोकले. त्या पोरांना पंडित शिकवत नव्हते.

पंडितांनंतरचा विदर्भ

पंडित गेल्यावर विदर्भ काही वर्षं शांत होता. मग २०२३-२४ मध्ये पुन्हा फायनल गाठली. वानखेडेवर मुंबईने १६९ रन्सने हरवलं, पण ५३८ चा पाठलाग करताना विदर्भाने ३६८ केले आणि वाडकरने शतक मारलं.

२०२४-२५ मध्ये त्याच मुंबईला नागपुरात सेमीफायनलला ८० रन्सने घरी पाठवलं. कोच उस्मान घनी, घरचाच माणूस. डावखुरा स्पिनर हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ विकेट घेऊन रणजीचा रेकॉर्ड मोडला. २१ वर्षांच्या दानिश मालेवारने फायनलमध्ये १५३ केले. आणि प्रोफेशनल म्हणून आलेल्या खेळाडूने दुसऱ्या डावात १३५ काढले. त्याचं नाव करुण नायर. हो, ईडनवर विदर्भाला १५३ चा चोप देणारा तोच.

२ मार्च २०२५ ला जामठ्यावर पहिल्या डावातल्या ३७ रन्सच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा रणजी चॅम्पियन झाला. ट्रॉफी उचलली कॅप्टन अक्षय वाडकरने.

समोर केरळ होतं आणि त्यांच्याकडून पहिल्या डावात विदर्भाला सगळ्यात जास्त पिडणाऱ्यांमध्ये एक डावखुरा होता आदित्य सरवटे. तो त्या हंगामात केरळकडून प्रोफेशनल म्हणून खेळत होता. रन्स किती केले? २०१८ च्या फायनलमध्ये विदर्भासाठी केले होते तेवढेच, ७९.